शिक्षकांचे ग्रंथाभ्यास मंडळ : सीमाभागाच्या संदर्भात एक चिकित्सा

शिक्षक वाचत नाहीत ही तक्रार फार जुनी आहे. ती करणाऱ्यांत अधिकारी असतात, पालक असतात आणि बरेचदा शिक्षकही असतात. तक्रारीत तथ्य किती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिक्षकाने एकट्याने पुस्तक वाचणे आणि आठ-दहा शिक्षकांनी मिळून एक पुस्तक काही महिने अभ्यासणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. पहिलीची जबाबदारी शिक्षकाच्या आवडीवर टाकता येते. दुसरीसाठी वेळ, जागा, पुस्तकाच्या प्रती आणि मोकळेपणा या चारही गोष्टी लागतात व त्या शिक्षकाच्या एकट्याच्या हातात नसतात. प्रस्तुत लेखात बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात या दुसऱ्या क्रियेचा, म्हणजे शिक्षकांच्या ग्रंथाभ्यास मंडळाचा, विचार केला आहे. असे मंडळ का टिकत नाही, त्यात कोणती पुस्तके कशी वाचली जातात आणि कशी वाचली जायला हवीत, हा त्यातील मुख्य विषय होय.

बेळगाव परिसरात वाचनाची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि मांडवात बसलेल्या श्रोत्यांत शिक्षकांची संख्या लक्षणीय असते. गावोगावी ग्रंथांची पारायणे होतात. मोहल्ल्यात दर्स होतो. तेथे एक जाणकार वाचतो, अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. या सर्व प्रथांचे सामाजिक मोल मोठे आहे. तथापि त्यांत एक समान धागा आहे तो असा की, ग्रंथाचा अधिकार आधीच मान्य झालेला असतो. श्रोता ग्रंथाकडून घेण्यासाठी येतो, ग्रंथाला हरकत घेण्यासाठी येत नाही. संमेलनातही वक्ता व्यासपीठावर असतो आणि शिक्षक सतरंजीवर.

व्यावसायिक ग्रंथाभ्यासाची गरज नेमकी याच्या उलट आहे. तेथे पुस्तकातील विधान घेऊन शिक्षक आपल्या वर्गात जातो, ते तेथे टिकते का हे पाहतो आणि परत येऊन आपल्या सहकाऱ्यांना सांगतो. विधान टिकले नाही तर तेही सांगतो. हे सांगता येत नसेल तर मंडळ नावापुरतेच उरते. सीमाभागात (आणि इतरत्रही) शिक्षक एकत्र येऊन पुस्तक वाचतात तेव्हा ते नकळत पारायणाच्या वळणावर जातात, याचे कारण हाडीमाशी मुरलेली ही सवय होय. तिला दोष देण्यात अर्थ नाही; मात्र ती ओळखली पाहिजे.

शिक्षकांनी नियमितपणे एकत्र जमावे ही कल्पना सीमाभागाला परकी नाही. तिच्यामागील एक प्रमुख नाव याच मातीतले आहे. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. स्वातंत्र्यपूर्व काळात त्यांनी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी येथे ग्रामसुधारणेचे काम केले. कानडी त्यांनी आपलीशी केली होती. पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले त्यात त्यांचा वाटा मोठा होता. निपाणीहून मुदाळतिट्ट्यामार्गे गारगोटीला जाणाऱ्याला हे अंतर किती थोडे आहे ते ठाऊक असते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. एक उच्च प्राथमिक शाळा व तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांची मोट बांधावी, त्यांवर माध्यमिक शाळेचा आधार असावा, साधने वाटून वापरावीत आणि शिक्षकांचा एकाकीपणा मोडावा, असा तिचा आशय होता. खेड्यातील एकशिक्षकी शाळेत ज्याने दिवस काढले आहेत त्याला एकाकीपणा या शब्दाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळासंकुल मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आले नाही. नाईक यांनी आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले याचा आढावा स्वतःच लिहिला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याच कामाचा इतका परखड हिशेब मांडणारे शिक्षणतज्ज्ञ आपल्याकडे थोडे. शिक्षकांच्या मंडळाने कधीतरी तेही पुस्तक हाती घ्यावे.

संकुलाची कल्पना दुसऱ्या रूपाने परत आली ती जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून. कर्नाटकात या कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात कोलार, मंड्या, रायचूर यांच्याबरोबर बेळगाव जिल्ह्याचाही समावेश होता. त्यातून समूह संपन्मूल केंद्रे सुरू झाली, पुढे सर्व शिक्षा अभियानात ती चालू राहिली. सीआरपी हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात रुळला आणि महिन्याची समालोचन सभा हा शालेय वर्षाचा भाग बनला. म्हणजे एका परिसरातील कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमांचे शिक्षक ठरावीक दिवशी एका खोलीत बसण्याची व्यवस्था सीमाभागात निर्माण झाली. ग्रंथाभ्यासासाठी याहून सोयीचा सांगाडा शोधूनही मिळाला नसता.

पण सांगाड्यात जीव भरला गेला नाही. समालोचन या शब्दाचा अर्थ बारकाईने पाहणे, तपासणे असा आहे. प्रत्यक्षात सभेचा बराचसा वेळ परिपत्रके समजावून देण्यात, पटसंख्या, शिष्यवृत्ती, मध्यान्ह आहार, गणवेश यांची माहिती गोळा करण्यात जातो. उरलेल्या वेळात एखादा नमुना पाठ होतो आणि टाळ्या वाजतात. यात सीआरपींचा दोष कमी आहे. वरून जे मागितले जाते ते त्यांना खालून गोळा करावे लागते. व्यवस्थेने शिक्षकांची बैठक माहिती वर नेण्यासाठी आणि आदेश खाली आणण्यासाठी वापरली. शिक्षकाच्या स्वतःच्या प्रश्नाला त्या रस्त्यावर मार्गिकाच ठेवली नाही.

येथे अमेरिकेतील एक जुना दाखला उपयोगी पडतो. १८८० च्या दशकात ओहायो, इंडियाना यांसारख्या राज्यांत शिक्षकांची वाचनमंडळे स्थापन झाली. त्या काळी तेथील ग्रामीण शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे होते. वर्षाला एक-दोन पुस्तके ठरवून गटाने वाचावीत, इतका साधा हेतू होता. चळवळ झपाट्याने पसरली. मग पुस्तके निवडण्यासाठी राज्य पातळीवर मंडळे आली आणि कालांतराने काही ठिकाणी या वाचनाचा संबंध शिक्षकाच्या परवान्याच्या परीक्षेशी जोडला गेला. स्वेच्छेने सुरू झालेले वाचन गुणांसाठी होऊ लागले. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास साधावा असे म्हटले आहे आणि शाळासंकुलाचाही पुनरुच्चार केला आहे. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये वेगळ्या राज्य धोरणासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यामुळे धोरणाचे नाव कोणते राहील हा मुद्दा वेगळा. मात्र तास मोजण्याची वृत्ती नावावर अवलंबून नसते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणाचे घटक पुढे ऑनलाइन आले, तेव्हा पडद्यावर चित्रफीत चालू ठेवून शेजारी दुसरे काम उरकणे शिक्षकांना सहज जमले. ग्रंथाभ्यासाचे तास जर प्रमाणपत्रासाठी मोजले जाणार असतील तर पुस्तकाचीही तीच गत होईल.

आता पुस्तकांकडे वळता येईल. मराठी वाचणाऱ्या शिक्षकांच्या गटात साधारणपणे ज्या पुस्तकाने सुरुवात होते ते गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती पुस्तक १९३२ चे. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाईंनी ते कथेच्या रूपात लिहिले. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगाची परवानगी मागतो, चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मिळवतो आणि गोष्टी, खेळ, वर्गाचे वाचनालय, नाटक यांच्या मदतीने मुलांना शिकवतो. मराठी शिक्षणाशी गिजुभाईंचे नाते ताराबाई मोडक यांच्यामुळे जुळले. भावनगरला त्यांच्याबरोबर काम करून ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती चालवली.

'दिवास्वप्न' हे उत्तम पुस्तक आहे यात शंका नाही. परंतु शिक्षकांच्या गटात ते जसे वाचले जाते त्याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. गट त्यातील नायकाचे कौतुक करतो. गोष्ट सांगितल्यावर वर्ग कसा शांत झाला हे प्रत्येकाला सांगावेसे वाटते. पण पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेण्याचा त्याचा बेत पार फसला, वर्गात गोंधळ माजला आणि ठरवून आणलेले सगळे बाजूला ठेवून त्याला घरी परतावे लागले, या भागावरून वाचक भरभर पुढे जातो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शाळेतील इतर शिक्षक. ते त्याची थट्टा करतात, हरकती घेतात. तुम्हाला साहेबांची खास परवानगी आहे, आम्हाला परीक्षेचा निकाल द्यावा लागतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असतो. पुस्तक नायकाच्या बाजूने लिहिलेले असल्याने हे शिक्षक वाचकाला संकुचित वाटतात.

वास्तविक मंडळात बसलेले बहुतेक शिक्षक याच इतर शिक्षकांच्या जागी असतात. त्यांच्यापाशी खास परवानगी नसते. त्यांच्यावर दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळण्याची पाळी येते, जनगणना व निवडणुकीची कामे येतात. तेव्हा 'दिवास्वप्न' वाचताना मंडळाने नायकाची पाने बाजूला ठेवून हरकती घेणाऱ्यांची पाने मोठ्याने वाचावीत आणि त्यातील कोणती हरकत आळसातून आली, कोणती खरी आहे, हे एकेक करून ठरवावे. या पुस्तकातील एक उणीवही तेव्हाच दिसते. नायक एकटा आहे. वर्षभरात त्याला एकही सहकारी खऱ्या अर्थाने मिळत नाही आणि लेखकाला याची फारशी खंत वाटत नाही. एका असामान्य शिक्षकाने अधिकाऱ्याला पटवून दिले की झाले, अशी पुस्तकाची श्रद्धा आहे. नव्वद वर्षांनंतर ती भाबडी वाटते. अधिकारी बदलून जातो आणि शिक्षक तेथेच राहतो, हे सीमाभागातील कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारावे.

'तोत्तोचान'विषयी थोडक्यात सांगता येईल. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक १९८१ मध्ये आले आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते अनेक भारतीय भाषांत नेले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, पहिल्या भेटीत मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, ही चित्रे विसरता येत नाहीत. पण ते एका मुलीच्या आठवणींचे पुस्तक आहे. कोबायाशी यांनी तयारी कशी केली, चुका कोठे झाल्या, शिक्षकांशी काय बोलणे होई, हे मुलीला दिसणे शक्यच नव्हते. शिवाय ती शाळा सुमारे पन्नास मुलांची होती आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. शिक्षकाच्या मनाला उभारी देण्यास हे पुस्तक चांगले. अभ्यासमंडळात ते दोन बैठकींहून अधिक चालत नाही. अनेक मंडळे याच पुस्तकाने सुरू होऊन याच पुस्तकापाशी संपतात, कारण गहिवर ओसरल्यावर पुढे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नसते.

याउलट 'प्रिय बाई' हे पुस्तक गटाला अस्वस्थ करते. इटलीतील टस्कनी भागात, डोंगरावरच्या बार्बियाना या छोट्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शाळा चालवली. शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी १९६७ मध्ये आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले हे पत्र आहे. गरिबांची मुले कोणत्या वर्गात गळतात याचा त्यांनी आकडेवारीसह हिशेब मांडला आहे. मराठी शिक्षक ते वाचताना प्रथम रागावतो. मुलांनी बाईंना असे लिहावे काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. या रागापाशी मंडळाने थांबले पाहिजे, कारण रागाच्या मागे स्वतःच्या वर्गातील गळालेल्या मुलांची नावे असतात. निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायांची मुले, विड्या वळणाऱ्या घरांतील मुली, ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर जाणारी मुले ही येथील बार्बियाना होय. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर गेले, शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न ऐरणीवर आला. वखारीतल्या बाईच्या मुलीची शाळेतील हजेरी हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षितच राहिला.

या पुस्तकाची आणखी एक बाब मंडळांच्या दृष्टीने मोलाची आहे. ते गटाने लिहिलेले आहे आणि कसे लिहिले ते मुलांनी त्यातच सांगितले आहे. प्रत्येक विचार सुट्या कागदाच्या एका बाजूवर लिहायचा, सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, सारखे असतील ते काढून टाकायचे, ढीग लावायचे, ढिगांचे प्रकरण करायचे आणि मग प्रत्येक वाक्य सर्वांनी मिळून सोपे करत न्यायचे. बोलण्यात पुढे असणाऱ्याचा आवाज या पद्धतीत आपोआप खाली येतो. आपल्या बैठकींत ज्येष्ठ गुरुजी बोलतात, नव्याने लागलेल्या बाई मान डोलावतात. कागद पसरले तर मान डोलावणाऱ्यांचेही कागद टेबलावर येतात.

चौथे पुस्तक सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे 'टीचर'. १९६३ चे हे पुस्तक अरुण ठाकूर यांनी मराठीत आणले. सीमाभागातील शिक्षकांसाठी यांपैकी एकच पुस्तक निवडायचे झाले तर ते हेच असावे, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत. न्यूझीलंडमधील माओरी मुलांना इंग्रजी वाचन शिकवताना लेखिकेला दिसले की, छापील वाचनपुस्तकातील शब्द मुलांना परके आहेत. तिने प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा शब्द विचारला, तो पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातात दिला. भीतीचे, मायेचे, भांडणाचे शब्द मुले एका नजरेत ओळखू लागली. ज्या शब्दामागे मुलाचे काही नव्हते तो दुसऱ्या दिवशी पुसला जाई.

आता हे पुस्तक बेळगाव तालुक्यातील मराठी शाळेत आणून पाहावे. मूल घरी 'काय करूलास', 'कुठं जाऊलास' असे बोलते. पाठ्यपुस्तकातले मराठी त्याच्या ओळखीचे असते पण घरचे नसते. त्याच गल्लीतील उर्दू शाळेचे मूल घरी दख्खनी बोलते. 'मेरेकू', 'कायकू', 'नक्को', 'हौ' हे त्याचे शब्द. त्यात मराठी आणि कानडीची भर असतेच. शाळेत शिरताच ते चूक ठरतात, कारण पुस्तकातील उर्दू लखनौ-दिल्लीच्या वळणाची असते. पलीकडच्या कन्नड शाळेतही घरची कानडी आणि पुस्तकी कन्नड यांत तितकेच अंतर असते. तिन्ही माध्यमांच्या शिक्षकांपुढे एकच प्रश्न आहे आणि प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच आहे असे वाटते. मराठी शिक्षकाला वाटते की हा सीमाप्रश्नाचा परिणाम आहे. उर्दू शिक्षकाला वाटते की आपली मुले घरी नीट जबान बोलत नाहीत. भाषावादाच्या गर्दीत हा साधा, वर्गातला, शिक्षणशास्त्रीय प्रश्न कोणी हाताशी धरलेला नाही.

येथेच तीन माध्यमांचे शिक्षक एका खोलीत बसण्याचे महत्त्व कळते. 'टीचर'मधील रीत घेऊन तिघांनी आपापल्या पहिलीच्या वर्गातील मुलांचे शब्द महिनाभर टिपले आणि पुढच्या बैठकीत ते शेजारी शेजारी मांडले, तर मुलांच्या घरच्या भाषेचा जो कोश तयार होईल तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आजी, पोळी, कुत्रा, दारू पिणारा काका, बस, वखार, अम्मी, मार हे शब्द तीन लिप्यांत आले तरी मुलांचे जग बरेचसे एकच निघेल. अर्थात या पुस्तकालाही मर्यादा आहेत. लेखिकेला इंग्रजीत नेऊन सोडायचे होते. माओरी ही भाषा म्हणून टिकावी हा तिच्या वर्गाचा हेतू नव्हता. माओरी मुलांविषयीची तिची काही विधाने आजच्या वाचकाला खटकतात. घरचा शब्द ही पुस्तकी भाषेकडे जाण्याची शिडी मानायची की तिला स्वतःचे स्थान द्यायचे, या प्रश्नावर सीमाभागातील मंडळाला लेखिकेशी भांडावे लागेल, आणि ते भांडण तिच्या स्तुतीपेक्षा अधिक फळ देईल.

उर्दू शाळांतील शिक्षकांच्या हाताशी आणखी एक साधन आहे, त्याचा उपयोग क्वचित होतो. १९३७ मध्ये वर्धा योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन यांची शिक्षणविषयक भाषणे 'तालीमी खुतबात' या नावाने उर्दूत उपलब्ध आहेत. नई तालीमचा विचार मराठी शिक्षकाला वर्ध्याच्या बाजूने माहीत असतो. त्याच विचाराची उर्दूतील मांडणी शेजारचा सहकारी वाचून दाखवू शकतो. मिश्र मंडळात कोणीच केवळ घेणारा राहत नाही. सध्या मात्र प्रशिक्षणाचे साहित्य प्रामुख्याने कन्नडमध्ये येते आणि मराठी व उर्दू माध्यमांचा शिक्षक मागच्या बाकावर शेजाऱ्याला अर्थ विचारत बसतो. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठी आणि उर्दू माध्यमांसाठी मुलांची पुस्तके काढतो. शिक्षकाच्या अभ्यासाची पुस्तके त्या भाषांत पुरवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. भाषा न समजलेला शिक्षक गप्प बसतो आणि ते गप्प बसणे अनास्था म्हणून नोंदले जाते. हा अन्याय लहान नाही.

पुस्तक आणि वर्ग यांची सांगड घालणारा नमुना पाहायचा तर निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये तेथे सृजन-आनंद विद्यालय सुरू केले. 'शिक्षण देता घेता', 'अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी' ही त्यांची पुस्तके वर्गातील अनुभवांतून आलेली आहेत, आणि शिक्षकाने आपल्या कामाविषयी लिहावे याचा आग्रह त्यांत दिसतो. परक्या देशातील पुस्तकांइतकेच हे शेजारचे पुस्तक मंडळाने कसून तपासावे. ही शाळा छोटी, ध्येयाने झपाटलेल्या माणसांची. त्यातले सरकारी शाळेत काय नेता येते आणि काय नेता येत नाही याची चर्चा गारगोटी, कागल, निपाणीच्या शिक्षकाइतकी चांगली कोण करणार?

मंडळ कसे चालवावे याविषयी ठरावीक साचा देण्यात हशील नाही. काही गोष्टी मात्र अनुभवाने सांगता येतात. सहा महिन्यांना एक पुस्तक पुरे होते. दर महिन्याला नवे पुस्तक घेणारे गट परीक्षणे ऐकण्यापलीकडे जात नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा वेळ सोयीचा वाटतो, पण घरी जाऊन स्वयंपाक उरकायचा असलेल्या आणि खेड्याकडची बस गाठायची असलेल्या शिक्षिकेला तो सोयीचा असतोच असे नाही. वेळ ठरवताना त्यांना विचारले जात नाही आणि मग शिक्षिका येत नाहीत म्हणून तक्रार होते. बैठकीची वेळ आणि जागा ठरवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले तर हा प्रश्न निम्मा सुटतो. बैठकीचा अहवाल वर पाठवायचा की नाही, यावर तर सगळेच अवलंबून आहे. आपण वर्गात फसलो हे शिक्षक तेव्हाच सांगेल, जेव्हा ते वाक्य कोणत्याही फाइलमध्ये जाणार नाही याची त्याला खात्री असेल. कर्नाटकातच सुरपूरसारख्या भागात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पुढाकाराने शाळेच्या वेळेनंतर स्वेच्छेने जमणारे शिक्षक मंच चालले, त्यांचे वेगळेपण या स्वेच्छेत होते. बाहेरच्या संस्थेचा आधार काढून घेतल्यावर असे मंच किती टिकतात, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, मराठी व उर्दू शाळांची पटसंख्या घटते आहे, काही शाळांवर बंद होण्याची टांगती तलवार आहे. अशा वेळी शिक्षकांनी पुस्तके वाचत बसावे हे म्हणणे चैनीचे नाही काय? आक्षेप घेणाऱ्याचे दुःख खरे आहे. ग्रंथाभ्यासाने रिक्त जागा भरत नाही. मात्र शाळा का टिकवायची याचे उत्तर केवळ भाषेच्या अभिमानातून देता येत नाही, कारण तोच अभिमान बाळगणारा पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. आमच्या शाळेत मूल अधिक चांगले शिकते हे शिक्षकाला दाखवावे लागेल, आणि ते दाखवण्यासाठी आपण काय करतो याचे शब्द त्याच्यापाशी हवेत. ते शब्द मोर्चातून येत नाहीत, परिपत्रकातूनही येत नाहीत.

आणखी एक वर्ग या चर्चेत नेहमी बाहेर राहतो. सरकारी शाळांतील रिक्त जागांवर दरवर्षी अतिथी शिक्षक घेतले जातात. वर्ष संपले की त्यांचे काम संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेतले जातीलच याची हमी नसते. प्रशिक्षण त्यांच्यावर कोण खर्च करणार, असा विचार केला जातो. अंगणवाडीच्या ताई, खाजगी विनाअनुदानित शाळांतील कमी पगाराच्या शिक्षिका, मदरशांत गणित व भाषा शिकवणारे तरुण यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. लहान मुलांच्या वाचनाची पहिली दोन-तीन वर्षे अनेक ठिकाणी याच लोकांच्या हातात असतात. समालोचन सभेला त्यांना आदेश येत नाही, म्हणून ते येत नाहीत. आदेशावाचून जमणाऱ्या मंडळाला ही अडचण नाही. त्याला दहा खुर्च्या, एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती आणि त्यांतली एखादी प्रत उर्दूतली किंवा कन्नडमधली, एवढेच लागते.